आधी नगारा, मग गाणे?

बीटल्सना बीटल्स केले ते त्यांच्या प्रसिद्धिप्रमुखाने. गुणी गायक गल्लोगल्ली असतात, उणीव असते ती त्यांचा नगारा वाजवणाऱ्याची, अशा आशयाचा उपदेश अलीकडे आमच्या तरुणांच्या शिबिरांतून ऐकू येऊ लागला आहे. उपदेश करणारे वक्ते हुशार असतात, त्यांच्यापाशी पडद्यावर दाखवायला चित्रे असतात, आणि मागच्या बाकांवर बसलेले आईबापही माना डोलावतात. मग धर्मग्रामातील चार पोरे एकत्र येऊन गाऊ लागली की तालमीच्या आधी छायाचित्रकार येतो. पेटी आणि गिटार अजून सुरात लागलेली नसतात, पण गटाचे नाव, त्याची खूण, कपड्यांचा रंग आणि कुणी कोणत्या बाजूला पाहायचे हे सारे ठरलेले असते.

आम्हांस हा उपदेश मान्य नाही. इतिहास म्हणून तो अर्धवट आहे आणि नीती म्हणून घातक आहे. आमचा आक्षेप पाश्चात्त्य संगीताला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्या उदाहरणाचा एवढा दाखला दिला जातो तेच जरा जवळून पाहू.

टोनी बॅरो हे लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचे. जन्म 1936 चा, मृत्यू 2016 चा. तरुणपणापासून ते ‘लिव्हरपूल एको’ या वृत्तपत्रात ‘डिस्कर’ या टोपणनावाने नव्या तबकड्यांविषयी स्तंभ लिहीत. पुढे लंडनला डेक्का या कंपनीत तबकड्यांच्या वेष्टनांवरचा मजकूर लिहिण्याची नोकरी लागली, तरी स्तंभ चालूच राहिला. 1961 च्या अखेरीस ब्रायन एपस्टाइन यांनी याच ‘डिस्कर’ला पत्र पाठवले. लिव्हरपुलात एपस्टाइन कुटुंबाचे तबकड्यांचे मोठे दुकान होते आणि ब्रायन नुकतेच बीटल्सच्या मागे लागले होते. आपल्या मुलांविषयी दोन शब्द लिहा, एवढीच त्यांची विनंती होती. बॅरोंनी उत्तर दिले की, तबकडीच निघालेली नाही तर मी लिहू कशावर? हे उत्तर आम्हांस फार आवडते. प्रसिद्धीच्या धंद्यात ज्यांचे नाव पुढे दृष्टांतासारखे घेतले जाऊ लागले, त्यांचे या प्रकरणातले पहिले वाक्य हे असे होते: आधी काम दाखवा.

तरीही बॅरोंनी डेक्कात शब्द टाकला. एपस्टाइन हे कंपनीचे मोठे गिऱ्हाईक, त्यांना दुखवून चालणार नव्हते. 1 जानेवारी 1962 रोजी बीटल्सनी डेक्काच्या स्टुडिओत पंधरा गाणी म्हटली आणि डेक्काने त्यांना नकार दिला. ओळख, वशिला, व्यापारी दबाव, सारे काही उपलब्ध असताना दार उघडले ते चाचणीपुरतेच. जून 1962 मध्ये ईएमआयच्या पार्लोफोन शाखेचे जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना ऐकले, आणि पुढचे दार संगीत जाणणाऱ्या त्या माणसाने उघडले. आमचे वक्ते हा भाग सांगत नाहीत.

ते आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. 1960 च्या ऑगस्टपासून 1962 च्या अखेरपर्यंत ही मुले पाच वेळा हॅम्बुर्गला गेली. बंदरातल्या खलाशांची वस्ती, दारूचे गुत्ते, आणि रोज रात्री कित्येक तास उभे राहून गाणे. लिव्हरपुलात मॅथ्यू स्ट्रीटवर ‘कॅव्हर्न’ नावाचे एक तळघर होते. तिथे 1961 ते 1963 या काळात ते तीनशेच्या आसपास वेळा गायले. आमच्या कोणत्याही गायकवृंदाने तीनशे वेळा एकत्र उभे राहून गावे. मग प्रसिद्धीचा विचार करू. हॅम्बुर्गच्या त्या वस्तीची आम्ही शिफारस करीत नाही, तिथल्या तासांची करतो. फेब्रुवारी 1963 मध्ये त्यांची पहिली मोठी तबकडी निघायची होती, तिच्यातील चौदांपैकी दहा गाणी 11 तारखेला एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. हे सामर्थ्य कुण्या प्रसिद्धिपत्रकाने आणलेले नव्हते.

त्या तबकडीच्या वेष्टनावरचा मजकूर मात्र बॅरोंचा होता. जॉन आणि पॉल या दोघांनी 1975 पर्यंत पुरतील एवढी स्वतःची गाणी रचून ठेवली आहेत, असे त्यांनी ठोकून दिले. नगारा म्हणतात तो हा. गंमत अशी की, 1970 मध्ये हे मंडळ मोडले तेव्हा त्या जोडीच्या गाण्यांची संख्या आणि गुण असे काही होते की बॅरोंची अतिशयोक्तीच तोकडी पडली. त्याआधी, 1962 मध्ये पहिली छोटी तबकडी निघाली, तेव्हाही माहितीपत्रक त्यांनीच लिहिले होते. आणि तेही डेक्काचा पगार घेत असताना, डेक्काच्या प्रतिस्पर्ध्याच्या मालासाठी! दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याविषयी प्रभूने काय सांगितले ते वाचकांना आठवत असेलच. 1 मे 1963 पासून ते एपस्टाइन यांच्याकडे उघडपणे रुजू झाले. ‘फॅब फोर’ हे बिरुद त्यांच्याच लेखणीतून निघाले. 1963 पासून नाताळात चाहत्यांना बीटल्सच्या आवाजातील शुभेच्छांची पातळ तबकडी पाठवण्याची कल्पनाही त्यांचीच. माणूस कल्पक होता, कष्टाळू होता, आणि जे विकायचे त्याच्यावर त्याचे प्रेम होते. एवढे मान्य करून आता आम्ही आमच्या मुद्द्याकडे वळतो.

प्रसिद्धिप्रमुख गाणे विकत नाही, तो माणूस विकतो. गाणे विकायला ते ऐकवले की पुरे. माणूस विकायचा तर त्याला आधी विकण्याजोगा करावा लागतो, आणि तसे करताना त्याच्यातले काही छाटावे लागते, काही झाकावे लागते, काही वरून चिकटवावे लागते. बीटल्सचे कातडी अंगरखे एपस्टाइननी उतरवले आणि सूट चढवले, मंचावर खाणेपिणे व शिव्या देणे बंद केले, गाण्याअखेर एकत्र वाकून नमस्कार करायला शिकवले. इथवर ठीक, आम्हीही मिस्साविधीला येणाऱ्या गायकवृंदाला नीट कपडे घालून यायला सांगतो. पण पुढे पाहा. बीटल्सच्या प्रसिद्धीचे काम काही काळ अँड्र्यू लूग ओल्डहॅम नावाचा एकोणीस वर्षांचा चलाख मुलगा पाहत होता. 1963 च्या वसंतात त्याला रोलिंग स्टोन्स सापडले आणि तो त्यांचा व्यवस्थापक झाला. बाजारात गोजिरवाण्या मुलांची जागा भरलेली, म्हणून त्याने यांना दांडगट ठरवले. ज्याच्या हाती आपली मुलगी सोपवायला आईबाप कचरतील अशी मुले, ही प्रतिमा त्याने वर्तमानपत्रांतून पद्धतशीर पसरवली. यांच्यातला मिक जॅगर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी! हॅम्बुर्गच्या गुत्त्यांतून आलेले सोज्वळ ठरले आणि सुखवस्तू घरातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी गुंड ठरला. सद्गुण आणि दुर्गुण हे या धंद्यात कपड्यांचे दोन जोड आहेत. ज्या आईबापांना वाटते की आपल्या मुलाची प्रसिद्धी ‘चांगल्या’ पद्धतीने होईल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की तो चांगुलपणासुद्धा दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कशासाठी निवडलेला असतो.

आता झाकण्याविषयी. 23 ऑगस्ट 1962 रोजी जॉन लेनन यांचा सिंथिया पॉवेल हिच्याशी लिव्हरपुलात नोंदणी पद्धतीने विवाह झाला. ती गरोदर होती. एपस्टाइन स्वतः त्या विवाहाला हजर होते, त्यांनी राहायला आपली जागाही दिली. आणि ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही असेही ठरले. कारण साधे होते. चाहत्यांत मुली पुष्कळ, आणि प्रत्येकीला वाटले पाहिजे की हा तरुण अजून मोकळा आहे. 8 एप्रिल 1963 रोजी ज्युलियनचा जन्म झाला तेव्हा बाप दौऱ्यावर होता. विवाहाची अंगठी न घालता, आपण कुणाची कोण हे कुणाला न सांगता ही तरुणी आधी पोट आणि मग मूल घेऊन महिनोन्महिने राहिली. वर्ष संपता संपता पत्रकारांनी तिला शोधून काढलेच.

बॅरो आले तेव्हा मूल तीन आठवड्यांचे होते. लपवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या खुर्चीवर त्यानंतर ते बसले होते, आणि त्या खुर्चीचे कामच असे की कोणते सत्य किती आणि कधी वाटायचे याचे माप हाती धरायचे. एका स्त्रीचे पत्नीपण आणि एका बाळाचे पितृछत्र ही या मापात बसवण्याची वस्तू आहे काय? आम्ही धर्मगुरू आहोत. विवाह लावताना आम्ही साक्षीदार मागतो, नावे तीन रविवार वेदीवरून पुकारतो. विवाह ही चारचौघांत सांगण्याची गोष्ट आहे, म्हणून ख्रिस्तसभेने ही प्रथा ठेवली. नोंदणी कचेरीतही साक्षीदार लागतात ते त्याच कारणाने. बाजारासाठी विवाह लपवणे म्हणजे दिलेल्या शब्दातला अर्धा शब्द परत घेणे होय.

आणि या धंद्याचा निर्लज्जपणा असा की गुपित फुटल्यावर त्याचीही विक्री झाली. 9 फेब्रुवारी 1964 रोजी अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात बीटल्स झळकले. सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिले. एकेकाचा चेहरा दाखवताना खाली नाव येई. जॉनच्या नावाखाली मुलींची क्षमा मागून हा विवाहित असल्याचे सांगणारी ओळ आली. दीड वर्ष जिच्यासाठी एक संसार दडपला होता ती बातमी आता विनोद झाली! 1968 मध्ये त्या दोघांचा घटस्फोट झाला. त्याचे सारे खापर आम्ही प्रसिद्धीवर फोडत नाही; माणसांची स्वतःची पापे असतात. मात्र ज्या घराला आरंभीच ‘तू अस्तित्वात नाहीस’ असे सांगितले गेले, त्याचा पाया कसा असणार?

चाहत्यांचे मंडळ हा त्याच काळातला दुसरा प्रकार. देशभरातून मुलींची पोतीच्या पोती पत्रे येत. त्यांना उत्तरे जात ती अ‍ॅन कॉलिंगहॅम नावाच्या चिटणीस बाईंच्या सहीने. अशी बाई कुणी नव्हतीच. बॅरोंनी ते नाव बनवले होते. त्या नावाआड अनेक जणी काम करीत. कुणी म्हणेल, यात कुणाचे काय बिघडले? पण विचार करा: चौदा-पंधरा वर्षांची मुलगी रात्री दिव्याखाली बसून मनातले लिहिते, ते एका मोठ्या ताईला लिहीत आहोत अशा समजुतीने. ताई नाहीच. आज हेच काम यंत्रे करू लागली आहेत, आणि ज्यांना त्याची भीती वाटते त्यांना सांगावेसे वाटते की, नसलेल्या माणसाची सही करण्याचा उद्योग साठ वर्षांचा जुना आहे.

1963 चे ते शरद ऋतूचे दिवस आम्हांला दुसऱ्या कारणानेही लक्षात राहतात. 4 नोव्हेंबरला बीटल्स लंडनला राजघराण्यासमोर गायले आणि त्यांच्या नावाचे वेड इंग्लंडभर पसरले. बरोबर एक महिन्याने, 4 डिसेंबर 1963 रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क-माध्यमांविषयीचा ‘इंतर मिरिफिका’ हा आदेश प्रसिद्ध केला. समाजाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, ती माहिती सत्य असावी, आणि न्याय व प्रीती सांभाळून शक्य तितकी पूर्ण असावी, असा त्याचा आशय. पुढे 1997 मध्ये समाजसंपर्काच्या परमपीठीय परिषदेने जाहिरातीच्या नीतीवर एक स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि सत्य, मानवी प्रतिष्ठा व सामाजिक जबाबदारी ही तीन मापे दिली. त्यांतील दुसऱ्या मापाने पाहिले की सिंथियाचे प्रकरण कुठे बसते ते सांगायला नको. आठव्या आज्ञेचे नाव घेतले की आपल्याला न्यायालयातली खोटी साक्ष आठवते. वर्तमानपत्रात दिलेली अर्धी साक्ष तिच्यातून सुटते असे आम्हांस कुणी शिकवले नाही.

शुभवर्तमानात प्रसिद्धीचा सल्ला प्रभूला दोनदा मिळालेला दिसतो. एकदा मंदिराच्या शिखरावर: इथून उडी टाक, लोक पाहतील. सल्ला देणारा कोण होता ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्यांदा मांडवांच्या सणाआधी त्याच्या भाऊबंदांनी दिला: खेड्यात काय करतोस, यहुदियात जा, जगाला दिसू दे. योहान तिथेच नोंदवतो की, त्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आणि मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो शुद्ध झालेला कुष्ठरोगी आहे. कुणाला सांगू नकोस असे बजावले असता त्याने गावभर डांगोरा पिटला. परिणाम काय झाला? प्रभूला उघडपणे नगरात शिरता येईना, तो बाहेर एकांतात राहिला. डांगोऱ्याने काम वाढले नाही, कामाची वाट बंद झाली.

बीटल्सचेही तसेच झाले. किंकाळ्यांच्या कल्लोळात त्यांचे त्यांनाच आपले वाद्य ऐकू येईना. 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. ज्या गावातल्या तळघरात त्यांचे गाणे माणसांच्या हाताच्या अंतरावर होते, त्या गावापासून जगाच्या मैदानापर्यंत त्यांना पोचवणाऱ्या नगाऱ्याने शेवटी गाणेच बुडवले.

त्याच महिन्यातले ते ख्रिस्ताविषयीचे वाक्य आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बीटल्स आता येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहेत असे लेनन म्हणाले, म्हणून अमेरिकेत तबकड्यांच्या होळ्या झाल्या. (जाळण्यासाठी आधी विकत घ्याव्या लागतात, हे होळी करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.) हे वाक्य मुळात मार्च 1966 मध्ये लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये मॉरीन क्लीव्ह यांच्या मुलाखतीत छापून आले, तेव्हा इंग्लंडात कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते. अमेरिकेतील ‘डेटबुक’ या तरुणांच्या मासिकाला त्या मुलाखती पुरवल्या त्या बॅरोंनी. प्रसिद्धीला उपयोग होईल म्हणून. तिथे ते वाक्य संदर्भ तोडून ठळक टाइपात आले, आणि 11 ऑगस्टला शिकागोत पत्रकारांपुढे लेनन यांना खुलासा करावा लागला. ती पत्रकार परिषद भरवण्याचे कामही बॅरोंकडेच आले. त्या वेळी अनेक धर्मोपदेशकांनी लेनन यांच्यावर तोफा डागल्या. आमच्या मते नेम चुकला. एक तरुण आपल्या देशातल्या ओस पडत्या देवळांविषयी काही बरेवाईट बोलला होता. लोकप्रियता मोजायची तराजू त्याच्या हाती कुणी दिली, हा प्रश्न विचारायला हवा होता. जॉर्ज आणि पॉल या दोघांचा स्नानसंस्कार तर कॅथलिक देवळात झालेला. 2008 मध्ये व्हॅटिकनच्या ‘ल’ऑसेर्वातोरे रोमानो’ने ती वल्गना अनपेक्षित यशाने भांबावलेल्या तरुणाची होती असे म्हणून तो विषय मिटवला, ते योग्यच झाले.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. नगारा वाजवणारा कुणी नसला म्हणजे काय होते, हे आपल्या लोकांनी फार सोसले आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे संगीत दशकानुदशके ज्यांनी स्वरलिपीत उतरवले आणि वाद्यवृंदात बांधले, त्यांत गोव्याचे कॅथलिक वादक पुष्कळ होते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेले काम आज जाणकार वाखाणतात. चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ते नाव माहीत नव्हते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे शिक्षक. त्यांनी 1958 मध्ये मुंबईत स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. पण त्यांचे नाव देशाच्या तोंडी बसले ते 1977 मध्ये, शिष्याने गुरूला वंदन म्हणून एका विनोदी गाण्यात घातले तेव्हा! गाण्यातला अँथनी अंड्यातून बाहेर पडतो. खरा अँथनी कोण होता हे कितीकांनी विचारले?

हा अन्याय होता. नम्रतेच्या नावाखाली त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्याने काम केले त्याचे नाव सांगणे हे त्याचे देणे फेडणे आहे. पण नीट पाहिले तर या माणसांना बॅरोंची गरज नव्हती; श्रेयनामावलीत एक खरी ओळ पुरली असती. कुणी त्यांचे लग्न लपवायला नको होते, त्यांना गोजिरवाणे किंवा दांडगट ठरवायला नको होते. हे व्हायोलिन अमक्याने बांधले, एवढे सत्य हवे होते, आणि तेवढेच नाकारले गेले. ज्यांनी ते नाकारले त्यांच्यापाशी प्रसिद्धिप्रमुख होतेच.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील युवा गायकवृंदाने छायाचित्रकार, फलक आणि खर्चाचा अंदाज घेऊन आमच्याकडे अर्ज केला, तेव्हा आम्ही फलकाला होकार दिला आणि मजकूर स्वतः वाचला. येत्या सणाला तो देवळाच्या फाटकावर लागेल. त्यावर गीत लिहिणाऱ्या शिक्षिकेचे नाव आहे, चाल देणाऱ्याचे आहे, पेटी, गिटार आणि तबला वाजवणाऱ्यांची आहेत, आणि मागच्या ओळीत गाणाऱ्या बाविसांचीही आहेत. मुख्य गायिकेच्या नावापुढे ‘सौ.’ होते, ते काढले तर तरुण अधिक येतील अशी सूचना एका उत्साही कार्यकर्त्याने केली होती. तिने ते ठेवायला सांगितले, आणि ते ठेवले आहे. ‘वसईत प्रथमच’ हे शब्द आम्ही खोडले. कार्यक्रमाचे हे तिसरे वर्ष आहे.